रंग विचारणारा कंपाउंडर

सन चौतीसच्या सुमारास सोलापुरात नव्या पेठेतल्या माणसाला नुसतं आजारी पडणं परवडत नसे. आजारी पडायचा तो गिरणीतला कामगार. पेठेतल्या माणसाची 'प्रकृती' असे, आणि ती सांभाळायला एक डॉक्टर, एक वैद्य आणि टपालाने येणारं एखादं टॉनिक एवढा सरंजाम लागे. ज्याच्या फडताळात चार बाटल्या नाहीत, त्याच्या दुखण्यावर शेजारीही विश्वास ठेवत नसत.

अशा या पेठेत एका डॉक्टरांच्या दवाखान्यात मडिवाळप्पा कंपाउंडर होता. मूळचा अक्कलकोटकडचा. घरात कानडी बोले, दवाखान्यात मराठी, आणि बाटल्यांवरची नावं लावून लावून इंग्रजीही बऱ्यापैकी वाचायला शिकला होता. खलात औषध घोटायचं, बाटलीवर मात्रेच्या खुणांची कागदी पट्टी डकवायची, पुड्या बांधायच्या, हे त्याचं काम.

डॉक्टरसाहेबांकडे विलायतेहून एक वैद्यकीय मासिक येई. त्याचे उपयोग दोन. तीन महिने ते टेबलावर राहून रोग्यांवर छाप पाडी. मग मडिवाळप्पा त्याची पानं कातरून त्यात पुड्या बांधी. ते वाचावं, हा तिसरा उपयोग कुणाला सुचला नव्हता.

एके दुपारी पान कातरताना मडिवाळप्पाला ओळखीचं नाव दिसलं. सांधेदुखीच्या ज्या जर्मन गोळ्यांची मोठी बरणी त्याच्या डोक्यावरच्या फळीवर होती, तिचंच नाव. कात्री ठेवून त्याने शब्दकोश उघडला. दोन दुपारी लागल्या. या गोळ्यांनी काहींचं यकृत खराब होतं, असं त्यात लिहिलं होतं. आधी भूक मरते, मळमळतं, लघवी गडद होते, मग डोळे पिवळे पडतात. पहिल्या खुणेला गोळ्या थांबवल्या तर माणूस बहुधा वाचतो. पुढेही घेत राहिला तर सांगता येत नाही.

त्याने ते पान साहेबांपुढे ठेवलं.

"साहेब, हे वाचलं काय?"

साहेबांनी वरवर नजर फिरवली. "ती गोरी माणसं, मडिवाळप्पा. दारू पिऊन त्यांचं यकृत आधीच नासलेलं असतं. आपल्या लोकांना काही होत नाही."

"केराबाई दारू पीत नव्हती की, साहेब."

"कोण केराबाई?"

केराबाई वैरागची. बोटांचे सांधे सुजलेले, भाकरी थापता येईना म्हणून आली होती. पुन्हा यायला जमायचं नाही म्हणून साहेबांनी बाटलीभर गोळ्या दिल्या. महिन्याने ती तरीही आली. "बोटं बरी हायती, पर जेवान जात न्हाय," म्हणाली. साहेबांनी भूक लागायचं औषध दिलं आणि आणखी गोळ्या दिल्या. त्या मडिवाळप्पानेच मोजून भरल्या होत्या. पुढे दिवाळीच्या आधी ती काविळीने गेल्याचं तिच्या गावच्या एका रोग्याकडून कळलं. साहेबांना ती आठवत नव्हती. रोज शंभर माणसं पाहणाऱ्याला कोण कोण आठवणार?

रविवारी मडिवाळप्पा मोटारीने वैरागला गेला. तिकडे जाऊन काय सांगायचं, ते वाटेत त्याला ठरवता आलं नाही. केराबाईचा नवरा जोतीराम ओट्यावर बसला होता. मडिवाळप्पाने कसंबसं सांगितलं, की त्या गोळ्या बाईंना बाधल्या असाव्यात, आणि त्या मी माझ्या हाताने दिल्या होत्या.

जोतीरामने ओट्यावरची घोंगडी त्याच्याकडे सरकवली. मग म्हणाला, "कावीळ झाली, गेली. आता तुमी येवढ्या लांब येऊन काय करणार? बसा. च्या घ्या."

आतून जोतीरामची सून सोनाबाई पाणी घेऊन आली. तिला कंबर धरून वाकताना पाहून मडिवाळप्पाने विचारलं, "कंबर दुखते काय?"

"व्हय. पर आत्याबाईंच्या राहिलेल्या गोळ्या घेतीया की. मेलेल्या माणसाचं औषद म्हनून टाकून कशाला द्यायचं?"

चहा तसाच राहिला. त्याने बाटली मागून घेतली. तिच्या डोळ्यांच्या कडा पाहिल्या, लघवीचा रंग विचारला. परक्या पुरुषाने असं विचारल्यावर ती तोंड फिरवून आत गेली. जोतीरामने दारातून ओरडून विचारलं, तेव्हा आतून उत्तर आलं, "हाय तसाच हाय." चारच दिवस झाले होते. परतीच्या मोटारीत बाटली मांडीवर घट्ट धरून मडिवाळप्पा रडला. शेजारच्या उतारूने खिडकीकडे तोंड करून मोठं सौजन्य दाखवलं.

त्यानंतर दवाखान्याच्या खिडकीतून तो प्रत्येकाला दोन प्रश्न विचारू लागला: आणखी काय काय घेता, आणि लघवीचा रंग कसा आहे? नव्या पेठेला हे फार लागलं. छातीवर नळी ठेवणारा विद्वान. रंग विचारणारा अडाणी. त्याला 'रंगारी' म्हणू लागले.

आषाढात रावजी आले. त्यांचं लुगड्यांचं दुकान मोठं, आणि प्रकृती दुकानाहून मोठी. गुडघ्यांसाठी डॉक्टरसाहेबांच्या जर्मन गोळ्या, शक्तीसाठी वैद्यांचं भस्म, डोकं दुखो न दुखो रोज एक डोकेदुखीची पुडी, आणि यातलं काहीच पुरेसं नाही म्हणून मुंबईचं टॉनिक. वैद्यांना डॉक्टर माहीत नव्हते, डॉक्टरांना वैद्य माहीत नव्हते. रावजींच्या पोटात मात्र सगळ्यांची गाठ पडत होती.

"गुडघे अजून लई दुखतात," रावजी म्हणाले. साहेबांनी गोळ्या दुप्पट लिहून दिल्या.

चिठ्ठी खिडकीत आली. मडिवाळप्पाने रावजींकडे पाहिलं. डोळे हळदीसारखे. जोड्यांतून पाय वर फुगून आलेले. त्याने त्यांच्या बायकोला, वच्छलाबाईंना, हळूच रंग विचारला.

"चहाच्या चोथ्यासारखा. आणि होतेही थोडीच," त्या म्हणाल्या.

मडिवाळप्पा चिठ्ठी घेऊन आत गेला. "साहेब, ही पुडी मी बांधणार नाही."

"मग घरी बस."

"बसतो. पण आधी हे वाचा." कातरायचं राहिलेलं ते पान त्याने पुन्हा पुढे ठेवलं.

साहेब लाल झाले. पण वच्छलाबाई मागोमाग आत आल्या होत्या. "काय लिहिलंय? आमाला समजंल असं मोठ्यांदा वाचा की," त्या म्हणाल्या.

आता रोग्याच्या बायकोसमोर इंग्रजी वाचणार नाही, असं म्हणायची सोय नव्हती. साहेब एकेक ओळ मराठीत करून वाचू लागले. निम्म्यावर त्यांचा आवाज उतरला. त्यांनी उठून रावजींचे डोळे खिडकीच्या उजेडात पाहिले, पायावर बोट दाबलं. खळगा तसाच राहिला.

घसा खाकरून ते म्हणाले, "मी हेच सांगणार होतो. सगळं बंद. माझंही, वैद्यांचंही."

यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडलीत, असं साहेब म्हणाले; रावजींना ते कळेना. शेवटी मडिवाळप्पा म्हणाला, "काळीज आणि गुरदा हो. खाल्लेलं औषध गाळून बाहेर टाकायचं काम त्यांचं. तुम्ही चार ठिकाणचं ओतलं, ते बसले." जन्मात मटणाला न शिवलेल्या लिंगायताने रावजींना हे समजावलं, आणि ताटातल्या वस्तूंची उपमा असल्यामुळे ते त्यांना लगेच पटलं.

दोन आठवडे कठीण गेले. पथ्याचं जेवण, मीठ कमी, पूर्ण विश्रांती. साहेब रोज घरी जाऊन लघवी बाटलीत धरून पाहत. भाद्रपदात डोळे पांढरे झाले, सूज उतरली. गुडघे होते तसेच दुखत राहिले. तेवढ्यावर सुटलो, हे रावजींना शेवटपर्यंत मान्य झालं नाही.

श्रेयाची वाटणी रीतसर झाली. साहेबांनी क्लबात 'माझं निदान' यावर भाषण केलं. वैद्य म्हणाले, भस्म आधी पोटात होतं म्हणून जगले. मडिवाळप्पाची नोकरी राहिली, आणि जर्मन गोळ्यांची बरणी फळीवरून गेली. ती कुणी हलवली, हे साहेबांनी विचारलं नाही.

दसऱ्याला रावजींच्या घरून माणूस आला. कृतज्ञता म्हणून त्यांनी मडिवाळप्पाला मुंबईचं यकृताचं टॉनिक पाठवलं होतं, मोठी बाटली. त्याची बायको निंगव्वा ती उजेडात धरून बघत राहिली.

"हे कशासाठी?" तिने कानडीत विचारलं.

"माझं काळीज नीट राहावं म्हणून," तो म्हणाला.

तिने टॉनिक मोरीत ओतलं, बाटली राखेने घासली आणि तिच्यात करडईचं तेल भरलं.