पसंतीला नेलेल्या सात साड्या

मुलुंडच्या आमच्या साड्यांच्या दुकानात टेलिफोन आला तेव्हा सासऱ्यांनी त्याला हार घातला. अर्ज केला तेव्हा माझा नवरा शाळेत होता. फोन येईपर्यंत त्याचं लग्नही होऊन गेलं. "आता गिऱ्हाईक घरबसल्या ऑर्डर देणार," सासरे म्हणाले. पहिले पंधरा दिवस शेजाऱ्यांच्या नातेवाइकांशिवाय कुणाचा फोन आला नाही. आम्ही आपले शेजाऱ्यांना बोलवायला धावायचो.

मग एका दुपारी खरी ऑर्डर आली. फोन मीच घेतला. बाईंचा आवाज इतका गोड आणि भाषा इतकी शुद्ध, की मी उठून उभीच राहिले. त्यांच्या मुलीचा साखरपुडा होता, त्यांच्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे दुकानात येववत नव्हतं, तर भारीतल्या सहा-सात साड्या पसंतीला घरी पाठवाल का? "रंग तुम्हीच निवडा. तुमची आवड चांगलीच असणार."

सासरी वर्षभर राहूनही जी कुणाच्या लक्षात आली नव्हती, ती माझी आवड या बाईंनी फोनवरून ओळखली. मी कपाटातल्या सगळ्यांत सुंदर सात साड्या काढल्या. चोराला इतक्या मनापासून कुणी मदत केली नसेल.

नवरा गठ्ठा घेऊन दिलेल्या पत्त्यावर गेला. तळमजल्याच्या दारात बाई हसत उभ्या होत्या. आत खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ होते. "काका, यांच्याशी जरा बोलत बसा हं. मी सासूबाईंना साड्या दाखवून आणते," असं म्हणून बाई गठ्ठा घेऊन स्वयंपाकघराकडे गेल्या.

काकांनी चहा केला. मग स्वतःच्या पोटाच्या ऑपरेशनची हकीकत सांगितली, टाके दाखवले. तासाभराने नवऱ्याने भीतभीत विचारलं, "काका, तुमच्या सूनबाईंना अजून किती वेळ लागेल?"

"माझी कुठली सून? मला तर मूलबाळच नाही."

"मग त्या बाई?"

"त्या वरच्या मजल्यावर नवीन राहायला आल्यात ना? घरात सगळी झोपलीत, साडीवाल्याला तुमच्याकडे बसवू का म्हणाल्या. मागच्या जिन्याने गेल्या वर."

मागच्या दाराबाहेर जिना होता, तसं फाटकही होतं. वरच्या मजल्यावर नवं बिऱ्हाड खरंच होतं, पण तिथे ना सासूबाई होत्या, ना साखरपुड्याची मुलगी. होतं ते तीन महिन्यांचं बाळ, आणि नवऱ्याने दार ठोठावल्यामुळे तेही जागं झालं.

पोलीस चौकीत हवालदाराने साड्यांचं वर्णन विचारलं. नवऱ्याने एकेक काठ, एकेक पदर धडाधड सांगितला. मग बाईचं वर्णन विचारलं, तर म्हणाला, "चांगल्या घरातली वाटली." हवालदाराने तेही लिहून घेतलं.

मला घरात कुणी बोललं नाही. तेच जास्त लागलं.

सासऱ्यांनी नियम केला: ऑर्डर आली की नंबर विचारायचा आणि उलट फोन करून खात्री करायची. नियम उत्तम होता, फक्त लोकांच्या घरी फोन नव्हते. मी उलट फोन केला की औषधाच्या दुकानातला माणूस ओरडायचा, "अहो, इथून सगळी आळी फोन करते, मी कुणाकुणाला ओळखू?" एका शाळेच्या मुख्याध्यापिकेची मी इतकी उलटतपासणी घेतली, की त्यांनी आम्हाला सोडून घाटकोपर गाठलं. खरी गिऱ्हाइकं पळवायला नियम अगदी अचूक होता.

दोनेक महिन्यांनी तोच गोड आवाज पुन्हा आला. या वेळी मुलीचं लग्न होतं. मी रिसीव्हरवर हात ठेवून माझ्या सासूबाईंना खुणावलं. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि शांतपणे आपल्या मालवणीत म्हणाल्या, "गो बाये, आदी सात नेलंस, त्यातली खंयची पसंत पडली ती सांग. मगे बाकीच्यो धाडूया."

पलीकडून फोन आपटला.

संध्याकाळी मी धीर करून समोरच्या साडीवाल्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली साडी घडी करून ठेवली. मग हळूच म्हणाले, "आमच्या नऊ गेल्या, वहिनी. दिवाळीच्या आधी." त्यांच्या शेजारचे ड्रेस मटेरियलवाले तर दोनदा फसले होते. समोरासमोर बसून आम्ही रोज एकमेकांना "धंदा झकास" म्हणत होतो, आणि आपण एकटेच मूर्ख म्हणून प्रत्येकजण गप्प होता.

त्यानंतर असा फोन आला की आधी सगळ्या दुकानांत निरोप जायचा. साड्या पसंतीला पाठवणं आम्ही बंद केलं नाही, पण सोबत सासूबाई जायच्या. आणि त्या कुणाचा चहा घेत नसत.