साहेबांना न दाखवलेला नळ

आमच्या गावाचा नकाशा नगरपालिकेत कधीच नव्हता; तो वालमनमामांच्या डोक्यात होता. कुठल्या रस्त्याखालून कोणता पाइप जातो, हे त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. पाणी सोडायची छातीएवढी उंच लोखंडी चावी जमिनीला टेकवायची, वरच्या टोकाला कान लावायचा आणि डोळे मिटायचे. "हितं गळून राहिलंय," म्हणाले की तिथं खणायचं. एकदा ते भर लग्नात मांडवाच्या मधोमध असे उभे राहिले. नवरीचा बाप म्हणाला, "मामा, अक्षता तर पडू द्या." मामा म्हणाले, "पडू द्या की. नवरदेवाला तेवढं सरकवा, त्याच्या पायाखाली फुटलाय." आणि फुटलेला निघाला.

मला ऐकायची सवय नव्हती, पत्रकं छापायची होती. दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी आमचा तालुका आता जिल्हा होणार अशी आवई उठली आणि जिल्ह्याला शोभेलशी नळयोजना परदेशी बँकेच्या कर्जातून आली. अट अशी, की घरोघरी मीटर बसवायचे आणि गल्लोगल्लीचे फुकट नळ तोडायचे. मी पेटले. 'परकीय भांडवल आपल्या गावाचा नकाशा ठरवतंय!' हे वाक्य मी इतक्या पत्रकांत घातलं, की छापखानेवाल्यानं त्याचे जुळवलेले शिशाचे खिळे मोडायचंच सोडलं.

खरं तर त्या वेळी परकीय भांडवल उन्हातान्हात मामांच्या मागं चालून राहिलं होतं. मामा चावी टेकवत, बँकेचे हॅटवाले साहेब टिपून घेत. मी भररस्त्यात मामांना अडवलं. "मामा, तुम्ही भांडवलशाहीला रस्ता दाखवून राहिलात!"

"रस्ता न्हाई गं लीडर, पाइप," मामा म्हणाले. "सरक, त्यावरच हुबी हायस."

साहेबांच्या नकाशात फुकट नळ सतरा निघाले. मी सायकलवर गाव पालथं घातलं आणि अठरा मोजले. अठरावा आमच्याच गल्लीतला, बुद्धविहारामागचा, जिथं माझी आई रोज घागर लावायची. सरकारी आकडा खोटा! मी पत्रक काढलं, 'अठरा नळांचा गळा घोटू नका!' खाली जागेसकट यादी, कारण पुराव्याशिवाय लिहायचं नाही ही आमची शिस्त. माझं ते एकच पत्रक कुणीतरी शेवटपर्यंत वाचलं: नळयोजनेच्या इंजिनिअरनं. आठवड्यात अठरा नळ तुटले.

आईनं रिकामी घागर खाली ठेवली. "त्यो वालमन साहेबाला विहाराच्या अल्याडूनच परत घेऊन गेला. समद्या गल्लीला ठावं होतं. तुला कसं गं न्हाई कळलं?"

कसं कळणार? मी तेव्हा गल्लीला जागं करून राहिले होते.

मी तोंड पाडून मामांकडं गेले. पत्रक त्यांच्या खिशातच होतं. "छापलंय लई ठसठशीत," ते म्हणाले. "पत्ता तेवढा बराबर लिवायला नको होता."

मामा आता रिटायर झाले. जिल्हा काही झाला नाही. मीटरचा नळ परवडत नाही म्हणून आई स्टेशनाकडच्या बोरवरून पाणी आणते, तिची दुसरी घागर मी उचलते. वाटेत मामा विहारामागं चावी टेकवून उभे दिसतात. ती चावी त्यांनी नगरपालिकेला परत केलेली नाही. परवा मीही घागर ठेवून कान लावला.

"काहीच ऐकू येत नाही, मामा. हे सगळं त्या कर्जाच्या—"

"गप ऱ्हा जरा," मामा डोळे न उघडता म्हणाले. "खालून पाणी जाऊन राहिलंय."