काकूंची सहावी मागणी

अख्ख्या टोकियोत भांडायला सर्वांत नालायक माणूस कोण, असं मला कुणी विचारलं, तर मी क्षणभरही न थांबता आमच्या विमावाल्या काकूंकडे बोट दाखवीन. हे मी रागाने लिहितेय असं समजू नका. रागाने लिहायची मला सवय आहे. तो माझा पेशाच आहे म्हणा ना. आमच्या कामगार संघटनेची मराठी, हिंदी आणि मोडक्यातोडक्या जपानीतली पत्रकं मीच लिहिते, आणि त्यांत उद्गारचिन्हं फार होतात अशी तक्रार आमचे सचिव ओनो-सान दर महिन्याला करतात. पण काकूंबद्दल लिहायला बसलं की उद्गारचिन्ह उमटतच नाही. जिने आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलं नाही, तिच्यावर पत्रक लिहायचं तरी कसं?

काकू पुण्याच्या. नवऱ्याच्या कॉम्प्युटरच्या नोकरीबरोबर वीसेक वर्षांपूर्वी इकडे आल्या, नवरा इथेच वारला, आणि त्या ओजिमातल्या सरकारी इमारतीत नवव्या मजल्यावर एकट्याच राहिल्या. एका आयुर्विमा कंपनीच्या एजंट झाल्या. आमची ओळख झाली ती त्या मला विमा विकायला आल्या तेव्हा. संघटनेचं ऑफिस म्हणजे एका ड्रायक्लीनरच्या दुकानावरची एक खोली. तिथे काकू जिना चढून, दारात बूट काढून, ते टोकं दाराकडे वळवून नीट ठेवून आत आल्या आणि माझ्या खुर्चीला खुर्ची लावून बसल्या. तासाभराने त्या निघाल्या तेव्हा माझ्या नावाची पॉलिसी झाली होती आणि त्या आमच्या सभासद झाल्या होत्या. आपण जिंकलो असं दोघींनाही वाटलं.

त्या तासाभरातला एक तुकडा मात्र अजून टोचतो. फॉर्म भरता भरता काकूंनी विचारलं, "नॉमिनी कोण लावायचं गं?"

आईवडिलांशी माझं तेव्हा बोलणं बंद होतं. मी म्हटलं, "संघटना."

"संघटना माणूस नसतं बाळा."

"मग सोडा रिकामं."

"रिकामं सोडता येत नाही. मशीन घेत नाही." आणि त्या पेन उघडं धरून वाट बघत बसल्या. शेवटी मी आईचं नाव सांगितलं. भांडवलशाहीने माझ्या घरात पहिल्यांदा समेट घडवला तो असा.

माणूस दिसलं की काकूंना आधी त्याची जन्मतारीख दिसते. कुणाकडे बाळ झालं की "अगदी बापावर गेलंय हो" आणि "दोन किलो आठशे का नऊशे?" ही दोन वाक्यं त्या एका श्वासात म्हणतात. निशी-कसाईच्या भारतीय वस्तीतल्या हॉलमधल्या गणपतीत सजावट करायला एक इंजिनियर शिडीवर चढला, तर खाली त्याच्या बायकोचा हात धरून काकू हळूच विचारत होत्या, "ह्यांचं अपघाताचं कव्हर आहे ना?" फोनवर बोलताना त्या समोर माणूस असल्यासारख्या कमरेतून वाकतात. एकदा भारतीय सामानाच्या दुकानात फोन कानाला लावून भेंडीच्या टोपलीसमोर त्या पाच मिनिटं वाकून वाकून माफी मागत होत्या, तर दुकानदाराने येऊन विचारलं, "काकू, भेंडी निबर आहे का?" खांद्याला कायम ती अवजड पिशवी. तिच्यात फॉर्म, कंपनीचं चित्र छापलेली कॅलेंडरं, छोटे टॉवेल आणि चघळायच्या गोळ्या. ग्राहकांना वाटायच्या ह्या वस्तू एजंटांनी स्वतःच्या पैशांनी कंपनीकडूनच विकत घ्यायच्या असतात, हे मला कळलं तेव्हा मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं. काकूंनी चष्मा लावून ते अथपासून इतिपर्यंत वाचलं.

"छान लिहिलंयस गं. पण लोकांना वाईट वाटेल."

"कुठल्या लोकांना?"

"कंपनीला."

अशी आमची कॉम्रेड. तरीही ते पत्रक वाटायला त्या आल्या. कंपनीच्या दारात सकाळी आम्ही तिघं उभे. ओनो-सान, मी आणि काकू. आजवरचा आमचा अनुभव असा की दहा माणसं हात खिशात घालून निघून जातात तेव्हा एक पत्रक खपतं. काकूंनी दंडावरची संघटनेची लाल पट्टी ("रंग कोटावर जात नाही गं, पण असू दे") सरळ केली, प्रत्येक पत्रक दोन्ही हातांनी पुढे केलं, वाकल्या आणि वर एक गोळी ठेवली. वीस मिनिटांत गठ्ठा संपला. शाखाप्रमुख स्वतः दोन घेऊन गेले. ओनो-सान चाळीस वर्षं पत्रकं वाटतायत. ते रस्त्याकडे पाठ करून उभे राहिले आणि बराच वेळ चष्मा पुसत होते.

आता मुद्द्याचं. गेल्या शरद ऋतूत काकू एक पारदर्शक फोल्डर घेऊन ऑफिसात आल्या. आत कंपनीचं पत्र. नव्या पॉलिसी पुरेशा येत नाहीत, सबब करार संपवत आहोत. येणार कुठून? नवे इंजिनियर फोनवर बोट फिरवून विमा घेतात, आणि जुनी कुटुंबं पुण्याला परत जातात. एजंटचा करार संपला की तिचे ग्राहक दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरमध्ये दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर जातात. ग्राहकाला छापील पत्र जातं: आपले प्रतिनिधी बदलले आहेत. एजंटने त्यानंतर ग्राहकाला फोनसुद्धा करायचा नाही, भेटणं दूरच. अठरा वर्षं ज्यांच्या घरी चहा प्यायलात, त्यांच्या आयुष्यातून तुम्ही एका शुक्रवारी संध्याकाळी पुसले जाता! (इथे मात्र उद्गारचिन्ह आलंच.)

मी पेटले. एजंट कंत्राटी, म्हणून कामगार नाहीत, हे कंपनीचं नेहमीचं पालुपद. पण रोज सकाळी हजेरी, मीटिंग, भिंतीवर प्रत्येकीच्या नावापुढे आलेख. हा कामगार नाही तर काय पाहुणा आहे? इथला कायदा एकट्या सभासदासाठीही संघटनेला वाटाघाटीला बसू देतो. मी शाखेतल्या इतर एजंट बायकांना गाठलं. सगळ्यांनी मान हलवली, डोळ्यांत पाणी आणलं, आणि एकीनेही सभासदत्वाचा अर्ज भरला नाही. म्हणजे सामूहिक वाटाघाटीतला समूह म्हणजे काकू. मी पाच मागण्या लिहिल्या: करार रद्द करणं मागे घ्या, एजंटांना कामगार माना, तीन महिन्यांची आगाऊ सूचना, भेटवस्तूंचा खर्च कंपनीने करावा, आणि भिंतीवरचे ते आलेख काढा. काकूंनी खाली पेन्सिलने सहावी लिहिली: करार संपण्याआधी आपल्या ग्राहकांचा घरी जाऊन निरोप घेऊ द्यावा.

"काकू, ही मागणी नाही. ही विनंती आहे."

"मग विनंती म्हण. पण टाईप कर."

वाटाघाटीचा दिवस आला. लांबलचक टेबल. एका बाजूला शाखाप्रमुख, वकील, आणि टिपणं घेणारी एक मुलगी. दुसऱ्या बाजूला आमच्यासाठी तीन खुर्च्या. ओनो-सान बसले, मी बसले. काकू सगळ्यांना वाकून नमस्कार करत टेबलाला वळसा घालून गेल्या आणि शाखाप्रमुखांच्या शेजारची रिकामी खुर्ची ओढून तिच्यात बसल्या. एजंटांच्या प्रशिक्षणातला पहिला धडाच तो: ग्राहकाच्या समोर कधी बसू नये, शेजारी बसावं. अठरा वर्षांत टेबल दिसलं की त्यांचे पाय आपोआप पलीकडे जातात. मी डोळे वटारले. वकील खाकरले, "आपली जागा बहुधा समोर…"

"इथून कागद बरा दिसतो," काकू म्हणाल्या, आणि शाखाप्रमुखांचा चहाचा कप कागदापासून जरा लांब सरकवला.

मी एकेक मागणी गरजून मांडली. समोर माझीच एकुलती एक सभासद बसलेली, आणि माझ्या प्रत्येक वाक्यावर कंपनीच्या बाजूने मान डोलावतेय. वकील बोलले की त्यांनाही डोलावतेय. पाचही मागण्यांवर एकच उत्तर, "विचार करू", म्हणजे इकडच्या पद्धतीने नाही. मी फाईल आपटायच्या बेतात होते, तेवढ्यात काकूंनी शाखाप्रमुखांसमोरच्या कागदावर सहाव्या ओळीवर बोट ठेवलं. आवाज असा की मला पुढे झुकून ऐकावं लागलं.

"गेल्या वर्षी आपल्या सातोमी-सानचा करार संपला. त्यांच्या एक ग्राहक आजी मला अजून बाजारात अडवतात. विचारतात, ती मुलगी आजारी आहे का? माझ्यावर रागावली का? सर, मी त्यांना काय सांगू?"

शाखाप्रमुखांनी वकिलांकडे पाहिलं. वकिलांनी कागदाकडे. टिपणं घेणाऱ्या मुलीचं पेन थांबलं होतं. शाखाप्रमुख काकूंकडे न बघता म्हणाले, "एवढंच ना?"

तासाभरात करार लिहिला गेला. शाखेतल्या सगळ्या एजंटांना तीन महिने आधी सूचना, आणि त्या मुदतीत ग्राहकांचा निरोप घ्यायला भेटी. सोबत संघटनेचा एक साक्षीदार. बाकी काही नाही. काकूंची नोकरी जाणार ती जाणारच.

लिफ्टमध्ये मी फुटले. "तुम्ही त्यांच्या बाजूला जाऊन बसलात! सहावी पुढे केलीत म्हणून त्यांनी पहिली गिळली! कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय गं."

"मग?"

काकू लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होत्या. "हे गेले तेव्हा घरी खूप लोक आले. ह्यांच्या ऑफिसचे, वकिलातीतले, आपल्या मंडळाचे. सगळे समोर बसले आणि काय काय करायचं ते मला सांगत होते. एक ती विम्याची बाई माझ्या शेजारी येऊन बसली. एक अक्षर बोलली नाही. किती वेळ बसली होती मला माहीत नाही." तळमजला आला. "मला समोर नाही गं बसता येत."



पुढचे तीन महिने साक्षीदार म्हणून मी काकूंबरोबर हिंडले. माझ्याकडे यादी आणि प्रत्येक भेटीचा एक फॉर्म. काकू दर भेटीला इस्त्रीचा कोट घालायच्या. मला वाटलं होतं, लोक गळ्यात पडतील, कुणी रडेल, एखादा तरी कंपनीला फोन करून खडसावेल. निशी-कसाईत एका घरात टीव्ही चालूच होता, साहेब दारातूनच म्हणाले, "दुसरं कुणी येणारच ना काकू? मग झालं की." एका घरी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने दार उघडलं, हिच्या जन्माच्या आठवड्यात काकूंनी हिची पॉलिसी केली होती. काकूंनी मराठीत तिच्या शाळेचं विचारलं. मुलीने जपानीत उत्तर दिलं, आई घरी नाही, आणि दार हळूच, अगदी सभ्यपणे लावलं. ओजिमात एक म्हातारे जपानी आजोबा तेवढे भेटले, ज्यांनी आम्हाला दीड तास सोडलं नाही. पण ते सगळा वेळ काकूंना दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाने हाक मारत होते. काकूंनी दुरुस्त केलं नाही. कित्येक दारांवर नावाची पाटीच बदललेली. माणसं परत गेली, सिंगापूरला गेली, अमेरिकेला गेली. पैसे बँकेतून कापले जात राहिले म्हणून यादीत राहिली. मी फॉर्मवर "भेट झाली नाही" लिहीत गेले. काकू बंद दारासमोरही वाकायच्या आणि मगच निघायच्या.

मला राग येत होता, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. कंपनीने शब्द पाळला होता. भेटी देऊ दिल्या होत्या.

शेवटचं घर उरायासुचं. दुपार होती, खाडीकडून गार वारा येत होता. आत जुनं कुटुंब नव्हतंच. एका अगदी तरुण मुलीने दार उघडलं. पंधरा दिवसांपूर्वी नाशिकहून आलेली, नवरा ऑफिसला गेलेला, हॉलमध्ये न फोडलेली खोकी. मराठी ऐकून तिचा चेहरा असा उजळला की मी नजर काढून घेतली.

"कोण हवंय आपल्याला?"

काकूंचा हात सवयीने पिशवीत कार्ड शोधायला गेला. कार्डं त्यांनी आदल्याच दिवशी ऑफिसात परत केली होती. हात तसाच बाहेर आला.

"कुणी नाही गं. सहज," काकू म्हणाल्या. "प्लॅस्टिकचा कचरा कुठल्या वारी टाकतात, सांगितलं का तुला कुणी?"

कुणीच सांगितलं नव्हतं. पाऊण तास काकू तिच्या ओट्यापाशी उभ्या होत्या. कुठली बाटली कुठल्या पिशवीत, हिवाळ्यात खिडकीला घाम येतो तो कसा पुसायचा, दवाखान्यात गेल्यावर पहिल्यांदा काय म्हणायचं. जन्मतारीख विचारली नाही. मुलगी सारखी म्हणत होती, बसा ना, चहा टाकते, खरंच बसा. खोलीत बसायला खोक्यांखेरीज काही नव्हतं, तरी ती हाताने एक खोकं पुसत होती.

"नको बाळा," काकू कोट चढवत म्हणाल्या. "अजून बऱ्याच जणांकडे जायचंय."

यादी माझ्या हातात होती. तिच्यात पुढे कुणीही नव्हतं. मी ती घडी करून खिशात घातली आणि म्हणाले, "हो, उशीर होतोय." मुलगी जिन्यापर्यंत आली. आम्ही वळणापर्यंत जाऊन मागे पाहिलं तरी हात हलवत होती. म्हणून स्टेशन डावीकडे असूनही, पुढचं घर तिकडेच असल्यासारख्या आम्ही दोघी उजवीकडे वळलो, आणि बराच वेळ चालत राहिलो.