समजा, पाणी टाकलं

इस्पितळात तिला सगळे रडूबाई म्हणत. अर्थात मागून. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती.

तिचं कामच रडण्याचं होतं. कारखान्यात वायू फुटला किंवा रसायनाचा टँकर उलटला, तर लोक इस्पितळाच्या दारावर कसे आदळतील आणि त्यांना कसं सांभाळायचं, याची तालीम अधूनमधून व्हायची. अशा तालमीत जखमी व्हायला माणसं लागतात. बाकीची यायची, आडवी पडायची, चहा पिऊन जायची. ही मात्र जीव तोडून जखमी व्हायची. जन्मभर बसवर कंडक्टर. मागच्या दाराला लोंबकळणारा उडाणटप्पू तिच्या एका हाकेसरशी निमूट आत यायचा. निवृत्तीनंतर तो आवाज घरात मावेना. सून म्हणाली, "आई, तुम्ही टीव्हीशी भांडता ते खालच्या मजल्यावर ऐकू जातं." म्हणून शेजारच्या बंबवाल्या काकांनी, म्हणजे हयात आगीच्या बंबावर घालवून आता असल्या तालमी घेणाऱ्या म्हाताऱ्याने, जेव्हा विचारलं, "कंडक्टरबाई, मरायला येता का?" तेव्हा ही पायात चपला सरकवूनच बोलली, "कुठे?"

पहिल्या दिवशी जे पाहिलं त्याने ती गप्प झाली. तिला गप्प करणं म्हणजे खायचं काम नव्हे. एरवी गंजक्या खाटा टाकलेल्या मागच्या अंगणात बघता बघता निळ्या ताडपत्रीच्या भिंती उभ्या राहिल्या. एकीकडे बायका, एकीकडे पुरुष. डोक्यावर भोकं पाडलेला लांबच लांब पाइप. आणि फरशीवर लाल रंगाचा जाड पट्टा. पट्ट्याच्या अलीकडे घाण, पलीकडे स्वच्छ. अंगावर विष घेऊन आलेल्या माणसाने आधी कपडे उतरवायचे, पाण्याखाली उभं राहायचं, मगच पट्टा ओलांडायचा. मग तो महापौर असो नाहीतर महापौराचा सासरा.

"एक जण तसाच आत घुसला," बंबवाले काका ओरडून सांगत होते, "तर नर्स आडवी, डॉक्टर आडवा, वॉर्डाला कुलूप. मग मागून येणाऱ्यांना कोण बघणार? मी?"

पिवळ्या रबरी पोशाखातली, तोंडावर काच लावलेली माणसं ओळीने उभी राहिली. आतून घामाने ती काच धुरकटत होती. कुठलं संकट, कधी येणार, येणार तरी का, कोणाला ठाऊक? आणि कधी न भेटलेल्या माणसांसाठी ही पोरं-पोरी उन्हात उकडून निघत होत्या. असं काही जगात चालतं आणि आपल्याला पत्ता नाही! इस्पितळं, सरकारं, साहेब लोक यांच्यावरचा तिचा जन्माचा राग त्या अंगणात बराचसा विरघळला.

उरला तो एका शब्दावर. समजा.

"कपडे उतरवले समजा," छोटे डॉक्टर म्हणायचे. ते नवे होते, उंच, घाईचे. "पाणी टाकलं समजा. डोळे धुतले समजा. पुढे!" कारण खरं पाणी सोडलं की अंगणात चिखल होतो आणि फोटोला आलेल्या साहेबांचे बूट बरबटतात. कपडे तर कोणी कधीच उतरवले नाहीत. ते कायमच समजायचे.

"मग मी मेले समजा आणि तुम्ही खांदा दिला समजा!" रडूबाई खेकसायची. "डोळ्यांत काय समजाचे थेंब घालणार?"

अपघात विभागाच्या मोठ्या सिस्टर हसायच्या. "बाई, खरं आलं की खरं करू. हातांना वळण लागतंय, ते बघा की."

सिस्टर मनाने चांगल्या होत्या. पण चांगल्या माणसांनी 'समजा' म्हटलं की हिचं डोकं जास्तच फिरायचं. मग ती हट्टाने आणखी खरं रडायची. डोळ्यांना कांदा चोळायची. छाती पिटायची. मागच्या तालमीत तर तिने सिस्टरचा हात धरून आक्रोश केला होता, "हे नाटक नाही हो, सुनेची शपथ, खरंच जळतंय!" सिस्टर घाबरून पांढऱ्या पडल्या आणि ही डोळा मारून मोकळी. सगळं अंगण हसलं होतं. बंबवाले काकाही कमी नव्हते. वासाने मेंदू जागा होतो म्हणून ते फडक्यावर अमोनिया शिंपडून आणायचे. जाताना म्हणाले, "पुढच्या वेळी न सांगता येणार. कधी, ते बायकोलाही सांगणार नाही."

"तुम्ही घरी आलात तरी बायकोला कळत नाही," रडूबाई म्हणाली.

तिची धाकटी बहीण गल्लीच्या टोकाच्या बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडायच्या कामावर होती. तिथल्या बर्फ गोठवणाऱ्या अमोनियाच्या एका नळीतून वास येतो म्हणून बायकांनी कितीदा ओरड केली होती. मालक म्हणाला होता, "बर्फाच्या कारखान्यात काय गुलाबाचा वास येणार?" एका दुपारी ती नळी फुटली. रडूबाई कोपऱ्यावर भाजीच्या गाडीपाशी घासाघीस करत होती. कारखान्याच्या दारातून पांढरा ढग आला आणि ढगातून बायका. तोंडावर पदर, फडकी, हात, जे मिळेल ते. धाकटी नेमकी नळीखाली होती. छाती भिजलेली, डोळे गच्च मिटलेले.

भाजीवर शिंपडायची बादली रडूबाईने तिच्या तोंडावर ओतली. पाणी एवढंच होतं. मग एक टेम्पो अडवला, सगळ्या बायकांना वर चढवलं, धाकटीला कवटाळून बसली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "पुढच्या दाराने नेलंस तर बघ. मागच्या गेटने!"

मागच्या गेटवर मोठ्या सिस्टर होत्या. त्यांनी टेम्पो पाहिला. टेम्पोत पुढे रडूबाई पाहिली. नाकाला अमोनियाचा वास लागला. आणि त्या हसल्या.

"आली बघा! काकांनी आज डाव साधला. चला रे, ताडपत्री!"

एवढं सुरेख काम त्या अंगणाने कधी पाहिलं नसेल. गोंधळ नाही, आरडाओरड नाही. ताडपत्र्या उभ्या, पोशाख चढलेले, बायका एका रांगेत. पिवळ्या पोशाखातल्या एका मुलीने धाकटीला कोपराला धरून अलगद पाइपाखालच्या स्टुलावर बसवलं.

"कपडे उतरवले समजा," ती म्हणाली. "डोळे धुतले समजा."

"अगं खरं आहे हे!" रडूबाई किंचाळली. "नळी फुटलीय! बहीण आहे माझी!"

"वा, आज बहीण!" छोटे डॉक्टर पट्ट्यापलीकडून म्हणाले. "नातेवाईक आक्रमक. छान, छान."

"सुनेची शपथ!"

सगळे हसले. शपथ त्यांना पाठ होती.

मागच्या बायका खोकत होत्या. "नव्या दिसतात, पण झकास करतायत," कोणीतरी म्हणालं. धाकटी मात्र ओरडत नव्हती. स्टुलावर पुढेमागे झुलत ती हळूच म्हणाली, "ताई, जळतंय गं. काही दिसत नाही."

पाण्याचा कॉक पट्ट्यापलीकडे भिंतीत होता, चार पावलांवर. रडूबाईच्या अंगावर बहिणीच्या कपड्यांचं विष उतरलेलं होतं. एक उडी, आणि पाणी सुरू. पण मग ते विष स्वच्छ बाजूला जाणार, त्या हसणाऱ्या पोरांच्या अंगावर. तिचा पाय रंगापर्यंत गेला आणि तिथेच अडला. ओरडावं तर ओरडणं खर्चून बसलेलं. रडावं तर टाळ्या पडणार. खरं सांगायची जेवढी म्हणून साधनं माणसाकडे असतात, ती सगळी तिने तालमीत वापरून टाकली होती.

ती गप्प झाली. आणि बटणं सोडू लागली.

जन्मभर बसच्या गर्दीत कोणाचं कोपर लागू न दिलेली ती बाई. डॉक्टर, वॉर्डबॉय, टेम्पोचा ड्रायव्हर, सगळ्यांच्या देखत तिने एकेक कपडा उतरवून पायाशी टाकला आणि आतल्या कपड्यांवर, थुलथुलीत, म्हातारी, थरथरत, लाल पट्ट्यावर येऊन उभी राहिली. सिस्टरकडे नुसतं बघत.

सिस्टरचं हसू जागच्या जागी विझलं. इतक्या वर्षांत एकाही तालमीत कोणी हे केलं नव्हतं.

"पाणी!" त्यांचा आवाज फाटला. "अरे खरं आहे हे! पाणी सोडा!"

त्या स्वतः रुग्णाकडे धावल्या, ती नर्सची जन्माची खोड. पण अंगावर पोशाख नव्हता. पाय पट्ट्यावर आला आणि त्यांनी तो मागे घेतला. ओठ चावला, आणि पोशाखाकडे धावल्या. रडूबाईने ते पाहिलं. एवढी ताकद कोणाच्या पायात असते, असं तिला वाटून गेलं.

मग पाणी आलं. पाइपाच्या सगळ्या भोकांतून एकदम, गार, जाड, थांबायचं नाव न घेणारं. बायका कपड्यांना घट्ट धरून उभ्या राहिल्या तेव्हा रडूबाईचा घसा परत आला. "चला, चला! उतरवा! लाज मागच्या बसने येतेय, तुम्ही पुढे व्हा!" एक खोकतच हसली आणि तिने गाठ सोडली. मग दुसरीने. पिवळी माणसं त्यांना डोक्यापासून धूत होती, केसांच्या मुळांशी, कानांच्या मागे, बोटांच्या बेचक्यांत, जशी आई न्हाऊ घालते तशी. हात क्षणभरही अडखळले नाहीत. कोणी घाबरलं असेल तर ते काचेच्या आत.

छोटे डॉक्टर पोशाख घालून धाकटीसमोर गुडघे टेकून बसले होते. बोटांनी पापण्या उघड्या धरून सलाइनची धार सोडत होते. बाटली संपली की दुसरी. रबरी हातमोजा पापणीवरून निसटायला लागला तेव्हा सिस्टरने तो बदलून दिला. तोही निसटला. तोवर धाकटीचं अंग स्वच्छ झालं होतं. डॉक्टरांनी ओला मोजा ओढून काढला आणि उघड्या बोटांनी पापणी धरली.

"वर बघा आजी. शाब्बास."

"आजी कोणाला म्हणतोस रे?" धाकटी कण्हत म्हणाली.

"सॉरी, मावशी. आता खाली."

सगळ्या बायका आत गेल्या, ताडपत्र्या गळत राहिल्या, तरी तो माणूस उठला नाही. पाठ वाकलेली, हात तसाच. धार तुटली नाही. रडूबाई धुऊन, इस्पितळाच्या चादरीत गुंडाळून पट्ट्यापलीकडे उभी होती. तिला आत चला म्हणून सांगायला दोघं आले आणि तिचा चेहरा बघून परत गेले. देवळात माणूस उभा राहतो तशी ती उभी होती.

संध्याकाळ व्हायच्या आत डोळ्यांचे डॉक्टर धाकटीला तपासून गेले. पापण्या सुजून वांगी झाल्या होत्या. छोटे डॉक्टर खाटेजवळ आले. त्यांनी डावा डोळा कापसाने झाकला आणि उजव्यासमोर हात धरला.

"किती बोटं?"

धाकटी बघत राहिली. रडूबाईने खाटेची दांडी धरली.

"दोन," धाकटी म्हणाली. "पण ही काय अवस्था करून घेतलीयस? भिजून सुरकुत्या पडल्यात त्यांना."

डॉक्टरांनी हात पाठीमागे लपवला. "दुसरा डोळा," ते म्हणाले, आणि दुसऱ्या हाताने कापूस उजव्या डोळ्यावर ठेवला.