ती कधीच शाळेत गेली नाही

शाळेच्या मोठ्या हॉलबाहेर भिंतीवर माझा फोटो लावला होता. हातात लादी पुसायचा मॉप, डोक्यावर नवी ओढणी. फोटोखाली इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : ती कधीच शाळेत गेली नाही.

मी फडकं बादलीत टाकलं आणि पुढचं वाचायला लागले.

ती आमची शाळा साफ करते. तिला शिक्षण मिळालं नाही. तिला लिहिता-वाचता येत नाही. ती रोज आमच्या वर्गांवरून जाते, पण आत काय चाललंय हे तिला कळत नाही. तरीही ती हसते.

हळूहळू वाचलं, पण एकही शब्द अडला नाही. कोपऱ्यात सोनेरी चांदणी चिकटवली होती आणि लाल शाईत 'ए' लिहिला होता. 'शिक्षण मिळालं नाही' या वाक्यात 'रिसीव्ह'चं स्पेलिंग चुकलं होतं. आय आणि ई उलटे पडले होते. लाल शाईवाल्याला ते दिसलं नव्हतं. मला दिसलं. नववीत आमच्या इंग्रजीच्या सरांनी त्या एका शब्दापायी अख्ख्या वर्गाला उभं केलं होतं.

मस्कतमधलं हे अमेरिकन हायस्कूल. तेल कंपन्यांतल्या साहेबांची मुलं तिथे शिकायची. माझा नवरा शाळेची बस चालवायचा. मुलींच्या बाजूला साफसफाईला बाई हवी म्हणून मलाही घेतलं. आम्ही राहायचो अल अमेरातला, दोन खोल्यांत. मुलगी समीना इंडियन स्कूलला होती.

मी मूळची कोकणातली, म्हसळ्याकडची. आमचंही एक हायस्कूल होतं. मराठी माध्यमाचं, पाच मैलांवर. पाचवी ते दहावी मी तिथे चालत गेले. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. त्यात एक परीक्षानळी आणि एका भिंगाचा तुटका दांडा. सर ती नळी वर धरून दाखवायचे. हात लावायचा नाही. प्रश्न विचारायचा नाही. विचारलाच तर उत्तराआधी छडी.

आणि इथे प्रत्येक टेबलाला नळ. प्रत्येक मुलाला वेगळा बेडूक कापायला. प्रत्येकाला कुलूपवालं लोखंडी कपाट. मुलं टेबलावर पाय टाकून बसायची आणि मास्तर त्यांना विचारायचे, तुला काय वाटतं? मी बाहेर लादी पुसत असायचे. तो प्रश्न ऐकला की माझा मॉप थांबायचा. मला काय वाटतं, हे माझ्या अख्ख्या जन्मात कुणी विचारलं नव्हतं. बापाने नाही, सरांनी नाही. निकाह लावणाऱ्या काझींनी विचारलं तेव्हा उत्तर आधीच ठरलेलं होतं.

मला हेवा वाटायचा. साधासुधा नाही, जळजळ व्हायची. त्यांच्या दप्तरांचा, त्यांच्या आवाजाचा, ती पोरं जशी जोरात हसत वर्गाबाहेर यायची त्याचा. स्वयंपाक हा विषय. नाटक हा विषय. नको असलेला विषय सोडून द्यायचा आणि दुसरा घ्यायचा. मी संडास घासताना मनात त्यांचे विषय निवडायचे. नाटक नको. बेडूक हवा.

एक दिवस कचऱ्याच्या डब्यात गणिताचं पुस्तक सापडलं. बारावीच्या मुलांचं. कोरं करकरीत. घरी आणलं आणि समीनाची पेन्सिल घेऊन बसले. शेकडेवारी, नफा-तोटा, अपूर्णांकांचा गुणाकार. मला जमलं. मी, गणितात नापास झालेली बाई, सतरा वर्षांच्या अमेरिकन पोरांची गणितं सोडवत होते. पहिली दोन प्रकरणं संपवली. आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी चीड आली. यांना एवढंसं येत नाही आणि यांच्यापुढे सगळी दारं उघडी. बारा टक्के काढायला मशीन लागतं, तरी उद्या हेच साहेब होणार.

सगळ्यात जास्त जळले ते दोन शब्दांवर. एका मुलाला पेपरात शंभरातले चाळीस पडले. मॅडमने पेपर त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "ट्राय अगेन." तो कंटाळून म्हणाला, "डू आय हॅव टू?"

मी तिथेच मॉप धरून उभी. माझं गणित सात मार्कांनी गेलं होतं. ऑक्टोबरला पुन्हा बसता आलं असतं. फॉर्म आणला होता. पण त्याच महिन्यात मस्कतवाल्या मुलाचं स्थळ आलं. मुलगा सुट्टीवर आला होता, परत जायचं होतं. निकाह उरकला. फॉर्म कुठे गेला कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

समीनाला मी कायम सांगत आले होते, "मी दहावी झालेय." एवढी थाप घरात चालून जायची.

शाळेत मिस वांडा नावाच्या एक टीचर होत्या. काळ्या अमेरिकन, उंच, इतिहास शिकवायच्या. साफसफाईवाल्यांना नावाने हाक मारणाऱ्या त्या एकट्याच. एकदा दुपारी स्टाफरूममध्ये बाकीचे टीचर आपल्या देशातल्या हायस्कूलांबद्दल बोलत होते. कुठे दारावर पोलीस, कुठे मुलं बारावी होतात पण पानभर वाचता येत नाही. ऐकून मला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगू. ते सगळे गेल्यावर मी मिस वांडांना विचारलं, "तुमचं हायस्कूल असंच होतं का, इथल्यासारखं?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "आमच्या लॅबला कुलूप होतं. चार वर्षांत एकदाही उघडलं नाही."

म्हणजे अमेरिकेतही दोन अमेरिका. मला एकदम आमचं कपाट आठवलं. तरी हेवा गेला नाही. त्यांना कुलूप तरी अमेरिकेतलं मिळालं होतं, असंच माझ्या मनात आलं.

आता मेगनचं सांगते. सोळा वर्षांची, केस पिवळे, वागायला गोड. एक दिवस मुलींच्या वॉशरूममध्ये आली, माझ्या शेजारी लादीवरच बसली, हातात कॅसेट रेकॉर्डर. म्हणाली, प्रोजेक्ट आहे, उद्या तुझी मुलाखत हवी.

मला किती आनंद झाला. दुसऱ्या दिवशी नवी ओढणी घालून गेले. तिने विचारलं, देशाची आठवण येते का, भावंडं किती, तू सुखी आहेस का. मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, "आय स्टडी हायस्कूल. मराठी मीडियम." ती म्हणाली, "ओह, दॅट्स स्वीट," आणि पुढचा प्रश्न विचारला. मग फोटो काढला. म्हणाली, मॉप जरा वर धर.

मी वर धरला.

तोच हा फोटो.

मी मिस्टर ग्रेगकडे गेले. ते मेगनचे वर्गशिक्षक, लाल शाई त्यांचीच. सांगितलं, हे चूक आहे, मी शाळेत गेलेय, मला वाचता येतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं केलं, ठेवला नाही. म्हणाले, "इट्स हर पर्स्पेक्टिव्ह. इट्स नॉट रिअली अबाउट यू."

घरी नवऱ्याला सांगितलं. तो जेवत होता. म्हणाला, "जाऊ दे गो. नाव थोडंच लिहिलंय तुझं? फोटोच तर आहे."

"फोटो माझा आहे."

"नोकरी पण तुझी आहे. माझी पण. व्हिसा त्यांच्या हातात आहे, कळतं ना?"

कळत होतं.  दोन दिवस त्याच भिंतीखालची लादी पुसली.

तिसऱ्या दिवशी पालक येणार होते. मुलं आपापल्या पोस्टरपाशी उभी राहून माहिती सांगणार. सकाळी मिस्टर ग्रेग मला शोधत आले. दहा मिनिटं मेगनशेजारी उभी राहशील का, म्हणाले. तिला खूप बरं वाटेल. आणि हो, मॉप घेऊन.

मी मॉप ठेवून गेले. हात धुतले, ओढणी नीट केली.

पंधरा-वीस पालक होते. एका बाईने माझा हात धरला आणि बहिऱ्याशी बोलावं तसं एकेक शब्द मोठ्याने म्हणाली, "यू आर सो ब्रेव्ह." मग पिशवीतून एक पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. लहान मुलांचं. ए फॉर ॲपल. तिने ते मुद्दाम माझ्यासाठी आणलं होतं. मेगनने घरी सांगितलं असणार. ती मेगनची आई होती.

त्या पुस्तकावर एक लाल सफरचंद होतं. ते बघता बघता व्हिसा, नवरा, खोलीचं भाडं, सगळं डोक्यातून गेलं.

मी पोस्टरकडे वळले आणि मोठ्याने वाचायला लागले. पहिल्या ओळीपासून. ती कधीच शाळेत गेली नाही. तिला शिक्षण मिळालं नाही. तिला लिहिता-वाचता येत नाही. सगळं इंग्रजीत, बोट ठेवून. माझे उच्चार आमच्या सरांचे होते, कोकणातले.  'रिसीव्ह'वर थांबले. म्हणाले, "स्पेलिंग राँग. ई फर्स्ट, देन आय."

मग म्हणाले, "आय वेन्ट टू हायस्कूल. सिक्स इयर्स. आय फेल्ड इन मॅथ्स. राइट दॅट."

मिस्टर ग्रेग म्हणाले, "ओके, थँक यू, दॅट्स..."

"राइट आय फेल्ड," मी म्हणाले.

नापास व्हायला शाळेत जावं लागतं. पाच मैल चालावं लागतं. पेपरला बसावं लागतं. कमी पडलेले ते सात मार्क माझे होते. त्या पोरीने माझं नापास होणंसुद्धा काढून घेतलं होतं आणि त्यावर 'ए' मिळवला होता.

मेगन रडायला लागली. सगळे तिच्याभोवती गोळा झाले. कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवर हात फिरवला. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. फक्त मिस वांडा पुढे आल्या, त्यांनी भिंतीवरून पोस्टर काढलं आणि गुंडाळी करून माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलने बोलावलं. बाई शांतपणे बोलल्या. गैरसमज झाला, म्हणाल्या. पण मेगन लहान आहे, तिला फार लागलंय, मी तिला सॉरी म्हणावं.

लहान. सोळा वर्षांची. मी सोळाची होते तेव्हा माझं लग्न झालं होतं.

मी म्हणाले, "नो."

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणाले. बाहेर नवरा बसच्या किल्ल्या हातात फिरवत उभा होता. माझ्या तोंडाकडे बघून त्याला कळलं. 

वर्षाअखेर माझं काम संपलं. नवऱ्याचं ठेवलं. मेगनला प्रोजेक्ट पुन्हा करायला दिला होता. तिने ओमानमधल्याच सूर गावच्या लाकडी जहाजांवर केला. त्यालाही 'ए' मिळाला, असं नवऱ्याला बसमधल्या मुलांकडून कळलं. ऐकून मी जळले. अजूनही जळते. माझं मन मोठं झालं वगैरे काही झालेलं नाही.

पण ते कळलं त्या संध्याकाळी एक काम केलं. समीनाला समोर बसवून सांगितलं, "मी दहावी झालेली नाही. नापास आहे. तुला खोटं सांगत आले."

 तिचं मराठी अडखळतं. म्हणाली, "मग... पुन्हा का नाही दिली?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला पहिल्यांदा दिसलं. मेगनने माझी शाळा एका पुठ्ठ्यावरून पुसली. त्याआधी ती माझ्याच माणसांनी पुसली होती. बापाने, मामाने, सुट्टीवर आलेल्या नवरदेवाने. त्यासाठी त्यांना कुणा मिस्टर ग्रेगचा 'ए' लागला नव्हता. त्यांनी ते आपल्या मनानेच केलं. आणि मी ओढणी नीट करून गप्प बसले होते.

समीना दहावीत गेली त्या वर्षी सूरहून नणंद आली. सोबत दुबईच्या मुलाचा फोटो. चांगलं घराणं, स्वतःची गाडी. "आत्ता फक्त बोलून ठेवू," म्हणाली. "शिकायचं ते सासरी शिकेल."

नवऱ्याने फोटो हातात घेतला. बराच वेळ बघितला. त्याला मुलगा आवडला होता, मला दिसत होतं.

मी तो फोटो त्याच्या हातातून घेतला आणि नणंदेला परत दिला.

"आपा, या घरात तिची बारावी होईपर्यंत लग्नाचा विषय निघणार नाही. त्यानंतर काय करायचं ते ती सांगेल."

"ती काय सांगणार? पोर आहे."

"तिला विचारणार आहे मी. तुम्हाला नाही. ह्यांनाही नाही."

नणंद नवऱ्याकडे बघायला लागली. तो खाली बघत होता. म्हणाली, "तुझी बायको शाळा झाडता झाडता अमेरिकन झाली रे."

"नाही," मी म्हणाले. "मी दहावी नापास आहे. माझ्या मुलीच्या परीक्षेच्या आड जो येईल त्याचं आणि माझं नातं संपलं. मग तो माझ्या घरातला असला तरी."

नवऱ्याने मान वर केली. मी नजर हटवली नाही.