पाटी कधी काढायची
सेनगावची सृष्टी हवामानाची वेबसाइट चालवते. पानाच्या सजावटीची एखादी नवी सोय कच्ची, म्हणजे चाचणीत असेपर्यंत प्रत्येक ब्राउझर तिच्यापुढे आपलं नाव लावायला लावी, म्हणून ती एकच ओळ तीन नावांनी तीनदा लिहायची. ही नावं काढायची कधी, हे कुणी धड सांगेना. वैतागून तिनं सगळी नावं पुसून साधी एकच ओळ ठेवली, तर वडिलांच्या जुन्या मोबाइलवर पान विस्कटलं; त्याला अजून नावाचीच ओळ कळायची.

वडील संतराम म्हणाले, “नव्या बियाण्यापुढं आमी कंपनीची पाटी लावतो. बियाणं पक्कं झालं की काढतो.”

सृष्टीनं विचारलं, “मंग आपली पाटी काहून उभी हाय? तीन वर्षं झाली, सगळं वावर त्याच बियाण्याचं हाय.”

संतराम म्हणाले, “पक्कं झालं, असं कुणी सांगायची वाट पाहून राहिलो.”