चाकवताचा वाफा

इंग्लंडमध्ये, स्लाऊ गावात भाजी लावायला भाड्याने घेतलेला माझा प्लॉट वाचवला तो शेजारच्या प्लॉटवरच्या इटालियन म्हाताऱ्याने. सदा चिडलेला माणूस. गोगलगायींना शिव्या, पावसाला शिव्या, मलाही. "एवढं पाणी? पोहायला शिकवतोस का रोपांना?"

मी चाकवत पेरला होता. प्लॉट देणाऱ्या कमिटीचा सेक्रेटरी म्हणाला, "हे तण उपट, नाहीतर प्लॉट काढून घेऊ." मी आठवीत शाळा सोडलेला, रागाने कानशिलं तापली, पण इंग्रजी फुटेना.

म्हाताऱ्याने मूठभर पानं ओरबाडून सेक्रेटरीसमोर कचाकचा खाल्ली. "आमच्या गावी हे रानात शोधत फिरतात! तू काय लॉनचं गवत खातोस?" सेक्रेटरी परत फिरकला नाही. म्हातारा मग माझ्यावरच खेकसला, "तू का गप्प?"

इटलीत त्याच्या गावाकडच्या झाडांवरचे ऑलिव्ह उतरवायला माणूस नाही म्हणून तो दर हिवाळ्यात धुमसतो. एकदा मी जाईन, त्याच्या शिव्या खात शेवटच्या झाडाचेही ऑलिव्ह उतरवून देईन.